महिलांची आरोग्य तपासणी: शिबिर उठल्यावर पुढे काय?

कवडसा

कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये बायकांची आरोग्य तपासणी आणि आरोग्य शिक्षण, हे काम आमचा छोटा गट गेली काही वर्षं करतो आहे. मी डॉक्टर नाही. बायकांना बोलावणं, नोंदी ठेवणं, रिपोर्ट पोचवणं आणि त्यानंतर पाठपुरावा करणं एवढं माझ्याकडे असतं. शिबिर झालं की देणगीदार, पाहुणे, ओळखीचे लोक सगळे एकच विचारतात, "किती बायका तपासल्या?" ज्यांच्यात काही निघालं त्यांतल्या किती जणी उपचारापर्यंत पोचल्या, हे कुणीच विचारत नाही. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

आमच्या ओळखीतल्या बायका एकदा दुसऱ्याच कुणीतरी भरवलेल्या शिबिराला गेल्या होत्या. रिपोर्ट न्यायची वेळ ठेवली होती कामाच्या दिवशी, भर दुपारी. त्या वेळी कोण जाणार? शेवटी उरलेल्या पाकिटांचा गठ्ठा आमच्या हातात आला. एका पाकिटातल्या कागदावर रक्तदाब १९०/११० लिहिलेला होता आणि खाली इंग्रजीत एक ओळ, तज्ज्ञांना दाखवा अशा अर्थाची. त्या बाईंना वाचता येत नाही. त्यांना घरी जाऊन भेटले तर म्हणाल्या, "माझी तर तपासणी झालीय की. काही असतं तर तिथेच सांगितलं असतं ना." म्हणजे तपासणीने त्यांना सावध करायचं ते राहिलं बाजूला, उलट त्या निर्धास्त झाल्या. एवढा रक्तदाब असलेली बाई नुसतं पाकीट घेऊन टेबलावरून उठताच कामा नये. तिला तिथेच बसवून, थोड्या वेळाने पुन्हा मोजून, डोकं दुखतंय का, छातीत दुखतंय का, धाप लागतेय का, नजर अंधूक झालीय का, हे विचारून त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यायला हवं.

हे काही नव्याने कळलेलं शहाणपण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन आणि युंगनर या दोघांनी लिहिलेली तपासणीची तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यातच हे आहे. जो आजार शोधायचा त्यावर मान्य उपचार हवेत, निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी हवी आणि शोधण्याचं काम एकदाच उरकायचं नसून सतत चालू राहायला हवं. दहा तत्त्वांपैकी ही तीन जरी शिबिर ठरवताना कुणी समोर ठेवली तरी निम्मी शिबिरं वेगळ्या पद्धतीने होतील असं मला वाटतं.

अमेरिकेचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या स्त्रियांना स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी मिळावी म्हणून तिथे १९९० साली कायदा झाला. तपासणी सुरू झाली, पण निदान झाल्यावर उपचाराचा खर्च कोण करणार, याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. अशा स्त्रियांचे उपचार सरकारी मेडिकेड योजनेतून करण्याची मुभा राज्यांना देणारा वेगळा कायदा २००० साली आला. मधली दहा वर्षं हाती निदान आलेल्या बाईच्या उपचारासाठी कार्यकर्त्यांना दारोदार फिरावं लागत होतं. कुणी दुष्टपणा केला म्हणून हे घडलं नाही. तपासणी आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या, म्हणून घडलं.

त्याच १९९० साली न्यूयॉर्कमधल्या हार्लेममध्ये डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी उलट टोकाकडून सुरुवात केली. तिथल्या रुग्णालयात स्तनाचा कर्करोग झालेल्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय स्त्रिया फार उशिरा येत. तपासणी मोफत किंवा अगदी कमी खर्चात केली, आणि त्याबरोबर प्रत्येक संशयित बाईसोबत एक माणूस दिला. पुढची तारीख मिळवणं, कागदपत्रं, जायची-यायची सोय, मनातली भीती, सगळ्यात तो तिच्या बरोबर. पूर्वी तिथे निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्के होतं, ते पुढे ७० टक्क्यांवर गेलं. मशीन तर बाकी शहरातही होत्या. फरक पडला तो तपासणी आवाक्यात आली आणि बाईला मध्येच सोडून दिलं नाही, यामुळे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या आजाराच्या पुढच्या वाटेची सोय आपल्याकडे नाही, तो आजार शोधायला बसू नये. आधी वाट बांधावी, मग बायकांना बोलवावं. तुमच्यापैकी जे या कामात आहेत ते पाठपुरावा कसा करतात? तपशिलात लिहा, प्लीज.

दवबिंदू

कवडसा, मनातलं लिहिलंत. मी परिचारिका आहे, गर्भाशयमुखाच्या तपासणीत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्याबद्दलच लिहिते.

पाठपुराव्यात बायका निसटतात, यावरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे शक्य तिथे पाठपुराव्याची गरजच कमी करायची. व्हीआयए तपासणीत ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावतात, मिनिटभर थांबतात, आणि पेशींमध्ये बदल झालेले असतील तर तो भाग पांढरा दिसतो. निकाल तिथल्या तिथे. प्रयोगशाळा नको, पाकीट नको, पुन्हा बोलावणं नको. डाग उपचारायोग्य असेल, कर्करोगाचा संशय नसेल आणि बाई गरोदर नसेल, तर त्याच भेटीत उष्णतेने तो भाग नष्ट करता येतो. एका वेळच्या उपचाराला मिनिटभरसुद्धा लागत नाही, उपकरण हातात मावेल एवढं असतं आणि बहुतेकदा भूलही लागत नाही. घरी जाताना तिला सांगायचं की काही आठवडे पाण्यासारखा स्राव होईल, त्याला घाबरू नकोस, आणि तेवढे दिवस शरीरसंबंध टाळ.

याला आधार काय, असं कुणी विचारलं तर मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा अभ्यास सांगा. १९९८ साली तो वस्त्यांमध्ये सुरू झाला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, त्यांपैकी निम्म्यांना दर दोन वर्षांनी व्हीआयए. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्या होत्या. १२ वर्षांनंतर तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. ज्या गटाला सुरुवातीला फक्त कर्करोगाची माहिती दिली होती, त्यांच्याशी तुलना करून हा आकडा आला आहे. अशी तुलना नैतिकदृष्ट्या योग्य होती का, यावर पुढे बराच वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण नुसती माहिती देऊन भागत नाही, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

मर्यादाही सांगते. व्हीआयए ही डोळ्याची परीक्षा आहे. नुसता दाह असला तरी भाग पांढरा दिसू शकतो, आणि सराव तुटला की नजर चुकते. त्यामुळे प्रशिक्षण एकदा देऊन सोडून दिलं तर निकाल घसरतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. पडदा. खोलीला दार असेल तर टेबलाचं तोंड दाराकडे नको. कपडे बदलायला आडोसा हवा, अंगावर घ्यायला स्वच्छ चादर हवी, स्पेक्युलम दाखवून "हे असं आत जाईल, दुखलं तर थांब म्हण, मी थांबेन" हे आधी सांगायला हवं. पहिल्या बाईला चांगला अनुभव आला तर ती बाहेर जाऊन चार जणींना पाठवते. वाईट आला तर ती कुणाला काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी कुणी फिरकत नाही.

पांथस्थ

धागा चांगला आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. दिवसाचे बारा तास राबणाऱ्या, पुरेसं न खाणाऱ्या, शौचालयासाठी रांग लावणाऱ्या बाईला आपण कर्करोगाची तपासणी देऊ करतो. तिची गरज ती आहे का? शिवाय तपासणी म्हणजे निखळ फायदा असंही नाही. शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला होता, निष्कर्ष २००२ साली आले. निम्म्यांना स्वतःच्या स्तनांची दर महिन्याला तपासणी कशी करायची ते काटेकोरपणे शिकवलं, वारंवार उजळणी घेतली. मृत्यू कमी झाले नाहीत. साध्या, निरुपद्रवी गाठी मात्र जास्त सापडल्या आणि त्यासाठी सुया टोचल्या गेल्या, शस्त्रक्रिया झाल्या. गरीब बाईला ही फुकटची धावपळ कशासाठी?

कवडसा

पांथस्थ, शंका रास्त आहे. शांघायचा अभ्यास मी प्रत्येक नव्या कार्यकर्तीला सांगते, कारण "दर महिन्याला अशीच तपासणी करा" अशी पत्रकं अजूनही वाटली जातात. त्याऐवजी आम्ही एवढंच सांगतो की स्वतःच्या शरीराची ओळख ठेवा आणि काही वेगळं जाणवलं, म्हणजे न दुखणारी गाठ, कातडी ओढल्यासारखी दिसणं, बोंड आत जाणं, रक्ताळलेला स्राव, तर महिने काढू नका. प्रशिक्षित कार्यकर्तीने हाताने तपासण्याचा अभ्यासही मुंबईतच झाला, वीस वर्षं चालला, २०२१ साली प्रसिद्ध झाला. रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. एकूण मृत्यूंमधली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये ती ३० टक्क्यांच्या जवळ होती. म्हणजे कुणाला तपासायचं हेही नीट ठरवावं लागतं.

पण "तिची गरज ती आहे का" याच्याशी मी सहमत नाही. ब्रिटनमधले डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ साली लिहून ठेवलं आहे की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथेच ती सर्वांत कमी मिळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने २०२२ साली जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया गेल्या, त्यांतल्या ९४ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. हा आजार व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढ्या वर्षांत एकदा जरी कुणी तिच्यापर्यंत पोचलं असतं तरी पुष्कळ जणी वाचल्या असत्या. शौचालय आणि मजुरीसाठी भांडायलाच हवं, मीही भांडते. पण ते मिळेपर्यंत हे थांबवायचं का?

लॅबवाली

तुमच्या चर्चेत कर्करोगच जास्त आला. शिबिरांत प्रत्यक्षात जे सगळ्यात जास्त सापडतं ते पंडुरोग (अंगात रक्त कमी असणं) आणि रक्तदाब, आणि तिथली मोजणीच धड होत नाही, म्हणून लिहिते.

बोटातून रक्त घेताना थेंब येत नाही म्हणून बोट लिंबासारखं पिळतात. त्यात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्याहून कमी दिसतं. हात आधी कोमट करा, सुई थोडी बाजूला आणि पुरेशी खोल मारा, पहिला थेंब पुसून टाका, पुढचा आपोआप येऊ द्या. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ही सीमा आहे. जगात १५ ते ४९ वयातल्या साधारण ३० टक्के स्त्रिया तिच्या खाली आहेत, म्हणजे लोहाच्या गोळ्यांचा साठा आधीच हवा. गोळ्या देताना शौचाला काळं होईल हे सांगा, नाहीतर पोटात रक्तस्राव होतोय असं वाटून बायका घाबरतात आणि गोळ्या बंद करतात. आणि मासिक पाळीत किती जातं ते विचारा. दर महिन्याला भरपूर रक्त जात असेल तर नुसत्या गोळ्यांनी काय होणार? गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नाही तर थॅलेसेमियासारखं (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) दुसरं कारण शोधायला पाठवा.

रक्तदाबाचं तर काय सांगू. बाई चार जिने चढून येते, रांगेत बडबड चाललेली असते, लघवीला लागलेली असते, आणि ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा आवळतात. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या पातळीत, बोलणं बंद. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने आकडा उगाच वाढतो. १४०/९० च्या वर आला तर पुन्हा मोजा आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवा. एका मोजणीवर आयुष्यभराचा शिक्का नको. ज्यांना रक्तदाब आहे त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नसतं, आणि आटोक्यात असतो तो पाचातल्या एकाचा. कवडसा म्हणतात ती गळती इथे सगळ्यात मोठी आहे, कारण दुखत काहीच नाही.

सांजवेळ

मी वाचकच असते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी स्वतः इमारतींमध्ये सफाईचं काम केलं आहे, माझ्या आईनेही केलं. तुम्ही सगळ्या चांगल्या मनाने येता हे दिसतं. पण काही गोष्टी टेबलाच्या पलीकडून दिसत नाहीत.

एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तपासणी फुकट असली तरी आमच्यासाठी ती फुकट नसते. सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी कामावरून सुटल्यावर ठेवा, आणि मुलांना सांभाळायला एक जण बसवा. मांडीवर मूल घेऊन पोटाची तपासणी कशी करून घ्यायची?

दुसरं, फोन. फॉर्मवर लिहिलेला नंबर बहुतेकदा नवऱ्याचा नाहीतर मुलाचा असतो. तुमच्या माणसाने फोन करून "त्यांच्या पिशवीच्या तपासणीत दोष निघालाय" म्हटलं की घरात काय होतं याची कल्पना करा. आमच्या ओळखीतल्या एका बाईला त्यावरून मारहाण झाली. नाव लिहून घेतानाच विचारा, हा फोन कुणाकडे असतो, कधी केलेला चालेल, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं. "शिलाईच्या वर्गाबद्दल फोन होता" असं काहीतरी बाईने स्वतः ठरवून दिलेलं असलं की काम सोपं होतं.

आणि मोठ्या रुग्णालयात पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका. कुठल्या दाराने आत जायचं, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, हे माहीत नसतं. विचारलं तर वसकन ओरडतात. आई दोनदा गेली आणि दोन्ही वेळा कागद न दाखवताच परत आली. तिसऱ्या खेपेला शेजारची शिकलेली मुलगी बरोबर गेली तेव्हा काम झालं.

काजवा

सांजवेळ, फार मोलाचं लिहिलंत. फोनबद्दलचा मुद्दा मी आमच्या फॉर्ममध्ये उद्याच घालणार.

मी शिक्षणाच्या बाजूने लिहितो. आरोग्य शिक्षण म्हणजे तक्ता लावून भाषण, ही पद्धत सोडायला हवी. नेपाळच्या मकवानपूरमध्ये गावातल्याच बाईने दर महिन्याला बायकांचा गट जमवायचा, अडचणी त्यांनीच मांडायच्या, कोणती आधी सोडवायची तेही त्यांनीच ठरवायचं, अशी रीत ठेवली. २००४ साली निष्कर्ष आले, नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. झारखंड-ओडिशात तसंच केल्यावर २०१० साली ४५ टक्के घट दिसली. विषय बाळंतपणाचा होता, तपासणीचा नव्हे, पण रीत उचलण्यासारखी आहे. आमच्या गटात तपासणीला यायचं की नाही हे कार्यकर्ते ठरवत नाहीत. आधी जाऊन आलेली बाई बाकीच्यांना सांगते की नेमकं काय करतात, दुखतं का, आत पुरुष असतो का. तेवढं झालं की आमची फारशी गरज उरत नाही.

एका गोष्टीची तयारी मात्र आपल्याला हवी. गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू शरीरसंबंधातून पसरतो हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे कुणी केलं हे?" इथे गुळमुळीत उत्तर दिलं तर घरं मोडतात. स्पष्ट सांगायचं: संबंध आलेल्या बहुतेक माणसांना हा कधी ना कधी होतो, बहुतेकांचा आपोआप जातो, आणि तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आज सापडला यावरून तो कधी आला, कुणाकडून आला, हे ठरवता येत नाही. नवऱ्याकडेही बोट नाही, बायकोकडेही नाही.

दवबिंदू

काजवा, हेच वाक्य मी भिंतीवर लावलं आहे. त्यालाच जोडून सांगते. ज्या बायका तपासणीच्या टेबलावर चढायला तयारच नसतात, त्यांच्यासाठी एचपीव्ही चाचणीचा नमुना स्वतः घ्यायची सोय आहे. मऊ ब्रश किंवा बोळा योनीत घालून फिरवायचा, नळीत टाकून द्यायचा. आडोसा असला की शौचालयातही जमतं. चाचणी खात्रीची आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. तिथे नमुना कार्यकर्तीने घेतला होता, पण स्वतः घेतलेला नमुनाही चांगला चालतो आणि जागतिक आरोग्य संघटनेला तो मान्य आहे. तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी केली तरी पुरते. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांनी मात्र पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी करावी.

पण यात निकाल प्रयोगशाळेतून येतो, म्हणजे कवडसांचा प्रश्न परत दारात उभा. म्हणून नमुना घेतानाच दोन गोष्टी लिहून घ्या: निकाल हातात कोण देणार आणि दोष निघाला तर तिच्याबरोबर कोण जाणार. ही दोन नावं ठरली नाहीत तर मी नळी देत नाही.

लॅबवाली

+१. आणि नळीवर नाव घालताना घाई नको. एका वस्तीत एकाच नावाच्या तीन बायका निघतात. नाव, वय आणि क्रमांक, तिन्ही लिहा.

वाटसरू२

माझी आई ५८ वर्षांची आहे. कधीच तपासणी झालेली नाही. हल्ली मधूनच अंगावर रक्ताचे डाग दिसतात म्हणते, पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात आमच्याकडे शिबिर आहे, तिथे नेऊ का?

दवबिंदू

वाटसरू, शिबिराची वाट बघू नका. तपासणी असते ती काही त्रास नसलेल्या बाईसाठी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तर ते लक्षण आहे. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण कर्करोग नाही हे आधी पाहायलाच हवं. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. या वयात गर्भाशयमुखाचा जो भाग बघायचा तो आत सरकलेला असतो, त्यामुळे शिबिरातली व्हीआयए इथे उपयोगाची नाही, आणि त्यात काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत राहणं तर धोक्याचं. डॉक्टर बहुधा सोनोग्राफी सांगतील आणि गरज वाटली तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतील. रक्त केव्हापासून दिसतंय, किती, रक्त पातळ करणारं किंवा हार्मोनचं काही औषध चालू आहे का, हे लिहून न्या.

वाटसरू२

धन्यवाद. गुरुवारची वेळ मिळाली आहे, मी सुट्टी टाकली आहे आणि बरोबर जातोय. काय निघतं ते इथे कळवतो.

कवडसा

नक्की कळवा. आणि तुम्ही पुरुष आहात म्हणून तपासताना आईंना तुमच्यासमोर बोलणं जड जाईल. थोडा वेळ बाहेर थांबा, आणि निघताना पुढची तारीख कागदावर लिहून मागा.